नवगाव येथील बेने इस्रायली दफनभूमी

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस, थळ व किहीम यांच्या दरम्यान किनाऱ्यालगत असलेली बेने इस्रायल या कोकणातील ज्यू (यहुदी) समाजाची दफनभूमी. समाजाच्या परंपरेत ती पूर्वजांची कोकणातील पहिली दफनभूमी मानली जाते. नवगावकर, किहीमकर (रूढ लेखन केहिमकर), दिवेकर, रोहेकर, पेणकर ही या समाजाची ग्रामनामावरून आलेली आडनावे याच परिसराशी जोडलेली आहेत.

परंपरेनुसार किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. लाटांबरोबर आलेली प्रेते नवगावास दोन उंचवट्यांखाली पुरण्यात आली. एकात पुरुष, दुसऱ्यात स्त्रिया. या उंचवट्यांवर मूळचा लेख नाही. तेथील स्मारकस्तंभ आधुनिक असल्याने कालनिर्णयास त्याचा उपयोग नाही.

आगमनकाळाबद्दल मतभेद आहेत. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात इ. स. पू. १७५ हे वर्ष धरले आहे. मात्र ते ज्यूंचा छळ करणारा सेल्युसिड राजा चौथा अँटायओकस याच्या राज्यारोहणाचे वर्ष आहे. कोकणातील कोणत्याही पुराव्यावरून ते निघत नाही. हनुक्का हा जेरुसलेमच्या मंदिराच्या शुद्धीकरणाचा, इ. स. पू. दुसऱ्या शतकात सुरू झालेला सण समाजाला पूर्वी ठाऊक नव्हता, म्हणून स्थलांतर त्या सणाच्या आधीचे, असा युक्तिवाद केला जातो. तो निर्णायक म्हणता येत नाही. शेमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना वगळता हिब्रूही विसरलेल्या समाजाला एखादा सण आठवत नसेल, तर तो कधीच ठाऊक नव्हता असे ठरत नाही. येमेन किंवा इराणमधून इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास आगमन झाले, असे दुसरे मत आहे. २०१६ मधील जनुकीय अभ्यासात पश्चिम आशियाई ज्यू व भारतीय वंशांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाल्याचे अनुमान आहे. हा मिश्रणाचा काळ आहे, आगमनाचा नव्हे. समाजाचे लेखी उल्लेख मिशनरी सार्टोरियसचे १७३८ चे पत्र आणि कोचीनचे व्यापारी यहेज्केल रहाबी यांचे १७६८ चे पत्र यांत येतात. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून आलेली चौदा प्रेते आहेत. त्यामुळे सात जोडप्यांचा तपशील कोकणातील सामायिक कथाबीज मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गलबत फुटल्याची घटना त्यामुळे खोटी ठरत नाही.

किनाऱ्यावरील बेने इस्रायली दफनभूमींतील लेखयुक्त कबरींवर हिब्रू, मराठी व इंग्रजी मजकूर आढळतो. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात व पाच हजारांचा आकडा बहुधा गाळतात. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो. तिश्री या हिब्रू वर्षारंभाच्या महिन्यापासून (सप्टेंबर-ऑक्टोबर) डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना १२३९ मिळवावे. म्हणजे ६४२ हे वर्ष १८८१-८२ होय. महिन्याची १५ व १६ तारीख दहा अधिक पाच किंवा सहा अशी न लिहिता नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात अशी लिहितात, कारण पहिल्या मांडणीत ईश्वरनामाची अक्षरे येतात. झिजलेल्या दगडावर ‘हे’ (५) आणि ‘हेत’ (८) या हिब्रू अक्षरांतील फरक डाव्या दांड्याच्या वरच्या फटीएवढाच उरतो. ती फट चुन्याने बुजली की वाचनात तीन वर्षांची चूक होते. वर्षाच्या आरंभीचा ‘ताव’ (४००) याच वळणाचा असला तरी स्थानामुळे ओळखू येतो. मराठी किंवा इंग्रजी तारीख असल्यास ती आधी वाचून मग हिब्रू ताडून पाहावी.

असे लेख सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात वाचावेत. माध्यान्ही अक्षरांना सावली पडत नाही. शेवाळ साध्या पाण्याने व मऊ ब्रशने काढावे. आम्लाने संगमरवराचा पृष्ठभाग विरघळतो. चुन्याचे पापुद्रे खरवडल्यास खाऱ्या वाऱ्याने भुसभुशीत झालेल्या दगडाबरोबर अक्षरेही निघून येतात.