मिरची न खाता लाल

पोपटाला मिरची घातली की त्याचा रंग खुलतो, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते. आहारातून रंग मिळवणारे पक्षी आहेत, हे खरे. शिवडीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांची गुलाबी झाक त्यांच्या अन्नातील कॅरोटिनॉइड या लाल-पिवळ्या रंगद्रव्यांमुळे येते. पोपटाच्या रक्तातही ही द्रव्ये असतात, पण पिसांसाठी तो ती वापरत नाही. पिसांतील लाल-पिवळी रंगद्रव्ये त्याचे शरीर स्वतःच घडवते. सिटॅकोफल्विन नावाची ही द्रव्ये पोपटांखेरीज कोणत्याही पक्ष्यात सापडलेली नाहीत.

दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातील रिमातारा या चिमुकल्या बेटावर राहणारा कूल लॉरिकीट हा या रंगकामाचा देखणा नमुना आहे. साळुंकीहून लहान असलेल्या या पोपटाची पाठ हिरवी, छाती-पोट लालभडक आणि डोक्यामागची पिसे गर्द जांभळी असतात. जिभेच्या कुंचल्यासारख्या टोकाने तो फुलांतला मकरंद टिपतो.

सिटॅकोफल्विनचा रेणू म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेली कार्बनची लांब साखळी. तिच्या टोकाला अल्डिहाइड नावाचा अणूंचा गट असेल तर पीस लाल दिसते आणि त्याचेच कार्बॉक्सिल गटात रूपांतर झाले की पिवळे. न्यू गिनीतील डस्की लॉरी या पोपटात लाल आणि पिवळे असे दोन्ही प्रकार असतात. त्यांच्या अभ्यासातून हा बदल एकच विकर (एन्झाइम) घडवून आणते, असे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मग हिरवा रंग कुठून येतो? पोपटात हिरवे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या तंतूत केराटिन या प्रथिनाची स्पंजासारखी जाळी असते, ती प्रकाशातील निळ्या लहरी परत फेकते, आणि त्यावर पिवळ्या सिटॅकोफल्विनचा थर आला की आपल्याला हिरवे दिसते. आपण ज्याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतो त्या बजरीगरची निळी जात दुकानात पाहिलीत, तर ती निळ्या रंगाची भर पडून झालेली नसून एका जनुकातील बिघाडाने पिवळा रंग गळून उरलेली आहे, हे लक्षात ठेवावे.

लॉरिकीटची लाल पिसेच त्याच्या जिवावर उठली. पॉलिनेशियात लाल पिसांना सरदारांच्या वस्त्राभूषणांत मोठा मान होता, आणि त्यांच्यासाठी झालेल्या शिकारीत त्याच महासागरातल्या कुक बेटांवरचे लॉरिकीट युरोपीय वस्ती होण्याच्या सुमारासच संपले. रिमातारावर ते टिकले, कारण 1900 च्या आसपास तिथल्या राणीने त्यांच्या शिकारीवर बंदी घातली आणि झाडावर चढून अंडी-पिल्ले खाणारा काळा उंदीर त्या बेटावर पोहोचलाच नाही. काळा उंदीर नसलेले कुक बेटांतील अतिउ हे म्हणूनच पुनर्वसनासाठी निवडले गेले. एप्रिल 2007 मध्ये रिमाताराहून 27 पक्षी तिथे नेऊन सोडले. त्यांनी वीण केली, पण नवाच शत्रू समोर आला. नारळावरील किडींच्या बंदोबस्तासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे आणलेली साळुंकी, म्हणजे आपल्या अंगणातलीच, लॉरिकीटना त्रास देऊ लागली, घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांवर तुटून पडू लागली. अखेर 2009 पासून बेटावरील साळुंक्या हटवण्याची मोहीम काही वर्षे चालवावी लागली, आणि त्यात बंदूक, सापळे व विष या तिन्हींचा वापर झाला.