गुणात्मक मानसशास्त्रीय संशोधनाची गुणवत्ता

मुलाखती, गटचर्चा, रोजनिशा अशा शब्दरूप सामग्रीवर उभे राहिलेले मानसशास्त्रीय संशोधन कितपत भरवशाचे आहे, हे ठरवण्याचे निकष आणि असे संशोधन सुधारण्याच्या रीती. संख्यात्मक संशोधनातील मापे येथे जशीच्या तशी चालत नाहीत, कारण मुलाखत घेणारी व्यक्तीच सामग्री घडवत असते. म्हणून लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये विश्वासार्हतेची निराळी कसोटी मांडली. ल्युसी यार्डली यांनी २००० मध्ये संदर्भाची जाण, निष्ठा व काटेकोरपणा, पारदर्शकता व सुसंगती, परिणाम व महत्त्व ही चार तत्त्वे सुचवली.

गुणवत्ता बहुधा मुलाखतीतच हातची जाते. ‘तुम्हाला तेव्हा फार एकटं वाटलं असेल ना?’ या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे. ‘तेव्हा काय काय झालं, ते सांगा’ असे विचारले की सहभागी स्वतःचे शब्द वापरतात. पहिल्या एक-दोन मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून प्रश्नावली दुरुस्त करावी. उतरवून काढलेला मजकूर ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये. गळलेला एक ‘नाही’ अर्थ उलटा करतो.

विश्लेषणातील नेहमीची चूक म्हणजे विषयालाच थीम, म्हणजे सामग्रीतून निघणारे अर्थपूर्ण विधान, समजणे. ‘कुटुंब’ हा विषय झाला. ‘आजार लपवणे हीच घरच्यांची काळजी’ ही थीम, कारण तिच्यात काहीतरी म्हटलेले आहे. थीमच्या विरोधात जाणारी उदाहरणे मुद्दाम शोधावीत आणि ती सापडली की थीमची मांडणी बदलावी. सगळी अवतरणे दोन-तीन सहभागींचीच आहेत का, हेही मोजून पाहावे. प्रत्येक कोड (मजकुराच्या तुकड्याला दिलेले अर्थनाम) का जोडला, का मोडला, याची तारीखवार नोंद ठेवली तर दुसऱ्याला निष्कर्षापासून मूळ वाक्यापर्यंत माघारी जाता येते.

दोन कोडकर्त्यांमधील मतैक्य कोहेनच्या कॅपाने (योगायोगाने जुळणारा भाग वगळून जुळणी मोजणाऱ्या आकड्याने) मोजण्याची प्रथा ठरलेल्या कोडपुस्तिकेवर, म्हणजे आधीच निश्चित केलेल्या कोडांच्या यादीवर, काम करताना योग्य आहे. ब्राउन आणि क्लार्क यांच्या चिंतनशील थीमॅटिक विश्लेषणात मात्र अर्थ लावणाऱ्याची दृष्टी हेच साधन असते. तिथे कॅपाचा आकडा शोभेला राहतो.

संपृक्ततेचेही, म्हणजे नव्या मुलाखतींतून नवे काही निघेनासे होण्याच्या टप्प्याचेही, तसेच. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना सिद्धान्त घडवण्यासाठी मांडली होती. गेस्ट आणि सहकाऱ्यांना २००६ मध्ये ६० मुलाखतींपैकी पहिल्या १२ मध्येच बहुतेक कोड आढळले, पण ते सहभागी बऱ्याच अंशी एकसारखे होते आणि प्रश्न ठरलेले होते. अनुभवांची विविधता मोठी असलेल्या अभ्यासात १२ हा आकडा उचलणे निराधार ठरते.

निष्कर्ष सहभागींना दाखवणे उपयुक्त, तरी तो पुरावा नव्हे. काही जण भिडेखातर होकार देतात, काहींचे मत मधल्या काळात बदललेले असते. सहभागींचा नकार ही नवी सामग्री मानून विश्लेषणात घ्यावी.

अहवालासाठी कोरेक (COREQ) ही मुलाखती व गटचर्चांवरील अभ्यासांसाठीची ३२ मुद्द्यांची यादी (२००७) आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची २०१८ ची मानके वापरात आहेत. काय सांगायचे राहिले ते या याद्या दाखवतात. विश्लेषण खोल आहे की उथळ, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी परीक्षकाने एखादे अवतरण घेऊन त्याखालचा अर्थ झाकावा, स्वतः अर्थ लावावा आणि मग दोन्ही ताडून पाहावेत.