तळाला बसलेला कण उठतो कसा?

रबाळे, महापे, तुर्भे भागातल्या रासायनिक कारखान्यांत एक समज पक्का आहे: रिॲक्टरच्या तळाला घन पदार्थ साचला की ॲजिटेटरचा, म्हणजे द्रव ढवळणाऱ्या फिरत्या पात्यांचा, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढवायचा. साचू देणं परवडत नाहीच. कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रियेला गती देणारा पदार्थ, तळाशी पडून राहिला तर अभिक्रिया रखडते. पण वेग दुप्पट केला की खळाळत्या द्रवात वीज आठपट लागते. हा उपाय शेवटचा असायला हवा.

मुळात कण उठतो कशाने? वर जाणारा प्रवाह उठलेल्या कणाला तरंगत ठेवतो, पण त्याला तळावरून सोडवतात ते छोटे भोवरे. तळालगत द्रवाचा थर संथ असतो आणि कण त्यात दडून बसतो. फार मोठा भोवरा त्याच्यावरून निघून जातो, फार छोट्यात ताकद नसते. कणाच्या आकाराशी जुळणारा भोवरा आदळला तरच कण सुटतो. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

टाकीच्या भिंतीला उभ्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, नसतील तर सगळा द्रव पात्यांबरोबर नुसता गोल फिरतो. चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मध्यात गोळा होते, तसाच ढीग टाकीतही होतो. तळाच्या घर्षणाने तिथला द्रव मंदावतो आणि दाब त्याला आत ढकलतो. आइन्स्टाइनने 1926 मध्ये याचं स्पष्टीकरण दिलं होतं. बॅफल ही गिरकी मोडून वर-खाली प्रवाह घडवतात.

कण पुरेसे उठले का, याची कसोटी संशोधक झ्वीटरिंग यांनी 1958 मध्ये दिली: कोणताही कण तळावर एक-दोन सेकंदांहून जास्त थांबू नये. त्यासाठी पात्यांना लागणारा किमान वेग सांगणाऱ्या त्यांच्या सूत्रात कणाचा व्यास दुप्पट झाला तर वेग सुमारे 15 टक्के वाढवावा लागतो. कण आणि द्रव यांच्या घनतेतला फरक दुप्पट झाला तर 37 टक्के, कारण तिथे घातांक 0.45 आहे, व्यासाला 0.2.

'कुठल्याही टाकीला चालणारा' इंपेलर (ढवळणाऱ्या पात्यांचा संच) ही निव्वळ जाहिरात आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत जे. बी. जोशी आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये पात्यांचे प्रकार तपासले, तेव्हा द्रव खाली ढकलणारी तिरकी पाती सर्वांत कमी ऊर्जेत काम करणारी ठरली. मोटर बदलण्याआधी बॅफल आणि पात्यांचा कोन पाहा, पाती तळापासून किती उंचीवर आहेत तेही मोजा. बऱ्याचदा ती थोडी खाली आणली की त्याच वेगात तळ मोकळा होतो.