हरिपुऱ्याच्या चित्रफलकांची पार्श्वभूमी

चित्रकार नंदलाल बोस यांच्या हरिपुरा चित्रमालिकेत पिंजारी, कुंभार, चांभार, सुतार, ढोल वाजवणारे वादक आणि धान्य कांडणाऱ्या बाया दिसतात. ही चित्रे मुळात कलादालनासाठी काढलेलीच नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली गुजरातमधील हरिपुरा या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या अधिवेशननगराच्या सजावटीसाठी गांधीजींच्या सांगण्यावरून ती तयार झाली.

या कामाची पूर्वतयारी महाराष्ट्रात झाली होती. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पार पडले. तेथील सजावट आसपास मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या वस्तूंतून आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी व्हावी, हा गांधीजींचा आग्रह होता, आणि ती जबाबदारी नंदलालांनी पार पाडली.

हरिपुऱ्यात तोच विचार चित्रांत उतरला. साध्या कागदावर, मुख्यतः मातीच्या रंगांत, बंगालमधील पटचित्रांची, म्हणजे कापडावर वा कागदावर काढलेल्या लोकचित्रांची, आठवण करून देणाऱ्या जाड, वेगवान रेषांनी नंदलालांनी ऐंशीहून अधिक मूळ चित्रे काढली. शांतिनिकेतनच्या कलाभवन या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती केल्या आणि फलकांची एकूण संख्या सुमारे ४०० वर गेली. अधिवेशनाला येणारा शेतकरी जाता-येता ती पाहणार होता, त्यामुळे बारकाव्यांपेक्षा लांबून ओळखू येणारी आकृती महत्त्वाची ठरली.

यातील अनेक चित्रांना असलेली कमानीची चौकट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तरुणपणी ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना नंदलालांनी ती परंपरा जवळून अभ्यासली होती. मंदिरात वा लेण्यात अशा कमानीखाली आपण देवतेची मूर्ती पाहतो. येथे कमानीखाली कापूस पिंजण्याच्या धनुकलीवर वाकलेला पिंजारी आहे. तो आपल्या कामात गढलेला आहे, आणि चित्रकाराने त्याला दीनवाणा केलेले नाही की देवपणही चिकटवलेले नाही. (राजकीय अधिवेशनाच्या सजावटीत एकही घोषणा न रंगवता हे साधले, हेही नोंदवायला हवे.)

यातील बहुसंख्य मूळ चित्रे आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातील भारताच्या दालनातही या मालिकेतील काही चित्रे मांडली गेली होती.