प्रकाशीय वेव्हगाइडमधील क्वांटम डॉट

अर्धसंवाहकाचे काही नॅनोमीटर आकाराचे कण, म्हणजे क्वांटम डॉट, वेव्हगाइडच्या, म्हणजे प्रकाशाला ठरावीक वाटेने नेणाऱ्या सूक्ष्म मार्गाच्या, गाभ्यात बसवून हव्या त्या तरंगलांबीचा प्रकाश निर्माण करण्याचे किंवा वाढवण्याचे तंत्र. दूरसंचाराचे लेसर, प्रकाश-विवर्धक आणि एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशकण) देणारे स्रोत यांसाठी ते वापरले जाते.

डॉटच्या प्रकाशाची तरंगलांबी पदार्थाबरोबरच कणाच्या आकारावरही ठरते. मोठ्या स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे ठेवलेली धन पोकळी यांच्यातले किमान ऊर्जा-अंतर पदार्थानुसार ठरलेले असते. कण इतका लहान झाला की या जोडीला पसरायला जागा उरत नाही, तेव्हा ते अंतर वाढते. तार आखूड केली की सूर चढतो तसे. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे ६ नॅनोमीटरचा कण तांबडा प्रकाश देतो, तर २ नॅनोमीटरचा निळ्याकडे झुकतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्सी एकिमोव्ह यांनी लेनिनग्राडमध्ये हा परिणाम काचेत दाखवला आणि लुई ब्रुस यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत द्रावणात. १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी जवळजवळ एकाच मापाचे कण घडवण्याची रीत दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

चिपवरच्या वेव्हगाइडमधले डॉट मात्र बहुधा द्रावणातले नसतात, ते जागच्या जागी वाढवलेले असतात. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचे थर चढवताना दोन्ही स्फटिकांच्या अणुरचनेच्या मापांत सुमारे ७ टक्के तफावत पडते. पहिला थर ताण सोसून सपाट बसतो. त्यापुढे पदार्थ आपोआप बेटांसारखा गोळा होतो. ही बेटे साधारण १५ ते ३० नॅनोमीटर रुंद आणि काही नॅनोमीटर उंच असतात. वरून पुन्हा गॅलियम आर्सेनाइडचा थर दिला की डॉट गाभ्यातच पुरले जातात आणि सुमारे ९०० ते १३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश देतात. आपोआप घडल्यामुळे कोणतेही दोन डॉट तंतोतंत सारखे नसतात. या तंत्राचे बरेचसे बळ आणि बरीचशी अडचण या असमानतेतूनच येते.

लेसरमध्ये ती लाभाची ठरते. असंख्य डॉट थोड्या वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश देतात, त्यामुळे विवर्धनाचा पट्टा रुंद होतो. त्यातली नेमकी कोणती तरंगलांबी पुढे जाईल हे वेव्हगाइड ठरवतो. त्याच्या लांबीभर ठरावीक अंतराने खाचा कोरल्या की एकच तरंगलांबी जोराने मागेपुढे परावर्तित होते. १३१० नॅनोमीटरसाठी हे अंतर सुमारे २०० नॅनोमीटर ठेवावे लागते. तापमान एक अंशाने वाढले की अपवर्तनांक बदलतो आणि अशा लेसरची तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते. सूक्ष्म जुळणीसाठी याचाच उपयोग करतात. आकाराने तरंगलांबी ठरते हे विधान नेहमी ठळकपणे सांगितले जाते, पण चिपवरच्या लेसरमध्ये आकार फक्त पट्टा ठरवतो. अचूकपणा वेव्हगाइडच्या घडणीतून येतो, आणि हे श्रेय त्याला द्यायला हवे.

डॉट लेसरची कल्पना टोकियोच्या यासुहिको अराकावा आणि हिरोयुकी साकाकी यांनी १९८२ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉनला तिन्ही दिशांनी जखडले तर लेसर सुरू होण्यासाठी लागणारा विद्युतप्रवाह तापमानाने फारसा बदलणार नाही, असे त्यांचे गणित होते. प्रत्यक्ष लेसर १९९४ मध्ये बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गच्या संशोधकांनी चालवून दाखवला.

सिलिकॉनसाठी डॉटना वेगळेच महत्त्व आहे. सिलिकॉनचे वेव्हगाइड उत्तम असतात, पण सिलिकॉन स्वतः कार्यक्षमतेने प्रकाश देत नाही. त्याच्यावर दुसरा अर्धसंवाहक वाढवला तर स्फटिकात दोष पडतात आणि सलग पातळ थराच्या लेसरमध्ये इलेक्ट्रॉन वाहत जाऊन त्या दोषांत वाया जातात. डॉटमध्ये ते जागीच अडकून राहत असल्याने दोषांपर्यंत पोचणारे कमी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या नेतृत्वाखालील गटाने २०१६ मध्ये थेट सिलिकॉनवर वाढवलेल्या अशा लेसरचे अपेक्षित आयुष्य एक लाख तासांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध केले.

एकेक फोटॉनच्या कामात हीच असमानता जाचक होते. इथे डॉट एकच असतो आणि तो सहसा सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड ठेवतात. गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशय पातळ पडद्यात भोकांची नियमित रांगोळी कोरून मधली एक ओळ मोकळी सोडली की फोटॉनिक स्फटिकाचा वेव्हगाइड तयार होतो. डॉटने सोडलेल्या फोटॉनला त्या ओळीखेरीज दुसरी वाट जवळजवळ उरत नाही. कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील पीटर लोडाल यांच्या गटाने २०१४ मध्ये ९८ टक्क्यांहून अधिक प्रकाश अशा मार्गात उतरल्याचे दाखवले.

एका डॉटची तरंगलांबी नंतरही बदलता येते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना डायोडची रचना करून व्होल्टेज दिले की विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉन आणि पोकळी एकमेकांपासून किंचित सरकतात आणि ऊर्जा बदलते. ९३० नॅनोमीटरजवळ ऊर्जेतला एक मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक म्हणजे तरंगलांबीतला सुमारे ०.७ नॅनोमीटरचा. परंतु एकाच वेव्हगाइडमधल्या अनेक डॉटना एका तरंगलांबीवर आणायचे तर प्रत्येकाला वेगळे सरकवावे लागते आणि सर्वांना मिळून दिलेले व्होल्टेज त्यासाठी पुरत नाही. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने २०१९ मध्ये यावर मार्ग काढला. वेव्हगाइडवर हाफ्नियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन त्यांनी लेसरने हव्या त्या जागीच त्याचे स्फटिकीकरण केले. त्यामुळे निर्माण झालेल्या ताणाने तेवढ्याच भागातला डॉट सरकला, आणि तीन डॉट जुळून त्यांचा प्रकाश एकत्रितपणे, एकट्या डॉटपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडला.