टीबीची सुई आणि डाळिंबाची पुडी

सांगली-साताऱ्यातल्या आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात डाळिंबावर तेल्या हा जिवाणूचा रोग पसरला, तेव्हा कृषी सेवा केंद्रात एक छोटी पुडी हमखास मागितली जायची. स्ट्रेप्टोसायक्लिन, ६ ग्रॅम. पुडी फोडायची, भुकटी बादलीत ढवळायची, पिंपात ओतायची, जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक, आणि फवारा सुरू. त्या भुकटीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन असतं आणि १० टक्के टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयाच्या रुग्णाला कंबरेत टोचायचे तेच औषध. आपल्या भागात ते आधी दवाखान्यात आलं, बागेत नंतर.

त्याआधी क्षयावर इथे हवाच औषध होती. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीत बेल-एअर आरोग्यधाम उघडलं ते तिथल्या हवेसाठी. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयरुग्णांचं रुग्णालय उभं राहिलं. स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. काही जण घरी परतायचे, बरेच परतायचे नाहीत.

१९४३ मध्ये अमेरिकेत जिवाणूशास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकाला स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ते तयार करणाऱ्या जिवाणूचा एक वाण शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतला होता, दुसरा कोंबडीच्या घशातला. ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ ला आले. सहा महिन्यांत सुई घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. सुई घेणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या अंगातले जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. क्षयावर एकाच वेळी तीन-चार औषधं द्यायची पद्धत त्या अनुभवातून आली. एकटं औषध जंतूला शिकवून सोडतं, हे डॉक्टरांना तेव्हाच कळलं होतं.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी त्याचीच.

तेल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, दिल्लीला. महाराष्ट्रात त्यानं खरा दणका दिला तो २००० नंतर. पानावर पाणी मुरल्यासारखे तेलकट डाग, मग फळावर डाग, मग फळ इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखं तडकतं. रोग जिवाणूचा, त्यामुळे नेहमीची बुरशीनाशकं कमी पडतात. कर्ज काढून बहर धरलेल्या माणसासमोर अख्खी बाग तडकत असेल, तर तो मिळेल ती पुडी आणणारच. त्याला दोष देणं मला पटत नाही. या औषधाला मंजुरी होती ती भात, टोमॅटो, बटाटा, सफरचंद अशा मोजक्या पिकांवर. त्या यादीत डाळिंब नव्हतं, तरी पुडी सर्रास विकली जात होती.

त्याच वर्षांत गावातल्या आरोग्य केंद्रात, एकदा उपचार घेऊनही टीबी उलटलेल्या रुग्णाला दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या २४ सुया द्यायचे. तेच औषध बाहेर बागेत उडत होतं.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. बागेतल्या फवारणीमुळे थेट टीबीचा जंतू औषधाला दाद देईनासा होत नाही. त्याच्यात प्रतिकार येतो तो त्याच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलातून. धोका इतर जिवाणूंचा आहे. मातीतले, शेणातले, आतड्यातले जिवाणू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात. स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारी एक जनुकजोडी झाडांच्या रोगजंतूंत सापडली आहे, आणि माणसांच्या रोगजंतूंतही. अशी जनुकं बऱ्याचदा इतर अँटिबायोटिकांच्या प्रतिकाराला सोबत घेऊन फिरतात.

बागेतही ही पुडी कायमची साथ देत नाही. कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांवर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन फवारलं, आणि १९७१ मध्ये तिथल्या करपा रोगाचा जंतू त्याला जुमानेनासा झाल्याचं आढळलं.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या पुडीतल्या दोन्ही औषधांच्या शेतीतल्या वापरावर बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला. त्यात उत्पादन आणि आयात फेब्रुवारी २०२२ पासून थांबवायची होती आणि वापर जानेवारी २०२४ पासून. तेल्या मात्र गेलेला नाही. छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, गळालेली पानं-फळं गोळा करून जाळणं, झाडाखाली ब्लीचिंग पावडर, वर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि बहर संपल्यावर बागेला पुरेशी विश्रांती, एवढं सगळं करावं लागतं. पुडी फोडण्यापेक्षा यात मजुरी कितीतरी जास्त जाते.