फासाखालच्या दोन धुना: मॅकफर्सन वेगळा, पांद्यू वेगळी

फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, धुनांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "क्वेबेकची ती फाशीवाली धून ना? ती मॅकफर्सनचीच. फासावर चढण्याआधी वाजवली आणि फिडल मोडून टाकलं." हे साफ चूक आहे, आणि इतक्यांदा कानावर आलंय की एकदा नीट लिहायलाच हवं. धुना दोन आहेत, देश दोन आहेत: मॅकफर्सनची स्कॉटलंडमधली, आणि 'पांद्यू' कॅनडातल्या क्वेबेकची. फासाखाली उभा असलेला फिडलवाला एवढंच काय ते दोन्हींत सारखं.

मॅकफर्सन बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून झटपट उरकतो. जेम्स मॅकफर्सन, ईशान्य स्कॉटलंडमधला लुटारू. बॅन्फ गावात खटला चालला, १६ नोव्हेंबर १७०० रोजी फाशी झाली. मरणाआधी त्याने आपली धून वाजवली, फिडल गर्दीपुढे धरलं, कोणी हात पुढे करेना, तेव्हा ते मोडलं, अशी दंतकथा. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने त्यावर रचलेलं गीत १७८८ साली छापून आलं. म्हणजे माणूस खरा, तारीख खरी, आणि धून गाता येणारी.

'ल रील द्यू पांद्यू' ही कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच भाषकांची. फाशी झालेल्याची रील, म्हणजे जलद नाचाची धून. इंग्रजीत तिला हँगमन्स रील म्हणतात. हिची गोष्ट अशी: फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला शेवटची संधी म्हणून एक फिडल देतात. वाजवून दाखव, सुटशील. फिडलच्या तारा भलत्याच लागलेल्या, आणि काही जण सांगतात की त्याने आयुष्यात फिडल हातातही धरलेलं नव्हतं. तो चाचपडत सुरुवात करतो, हळूहळू हात बसतो, धून चढत जाते आणि तो सुटतो. मॅकफर्सन मरतो, हा जगतो. मॅकफर्सनचं फिडल मोडतं, याचं फिडल याला वाचवतं. या माणसाला नाव नाही, गाव नाही, साल नाही.

पण खरी मेख पुढेच आहे, आणि तिथेच सगळे घसरतात. गोष्टीतल्या त्या 'भलत्याच लागलेल्या' तारा म्हणजे निव्वळ रंग भरण्यासाठी घातलेला तपशील नव्हे. ही रील खरोखरच वेगळ्या जुळवणीत, म्हणजे तारा वेगळ्या स्वरांना मिळवून, वाजते. नेहमीच्या पाश्चात्त्य जुळवणीत खालून वर जी, डी, ए, ई अशा तारा असतात. इथे जी एक स्वर चढवून ए करतात, डी एक स्वर चढवून ई करतात, तिसरी ए तशीच ठेवतात आणि सर्वांत वरची ई दीड स्वर उतरवून सी शार्पवर आणतात. ए हा षड्ज धरा: सा, प, सा, ग. आपल्याकडेही व्हायोलिन षड्ज-पंचमात मिळवतात, त्यामुळे पहिल्या तीन तारा ओळखीच्याच वाटतील. चौथी तार गंधाराची. सुरेल जुळलेल्या तानपुऱ्यात जो स्वयंभू गंधार कानावर येतो, तोच इथे प्रत्यक्ष तारेवर बसवलेला आहे.

आता एकही बोट न दाबता मोकळ्या तारांवरून बो (गज) ओढून पाहा. सा-प-सा-ग, पूर्ण स्वरमेळ, कुठेही बेसूर नाही. ज्याने कधी फिडल धरलं नाही त्याच्या हातूनही या जुळवणीत काहीतरी सुरेल निघेल! गोष्ट आणि जुळवणी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. माझं मत असं की ही गोष्ट कोण्या कैद्याचा इतिहास सांगत नाही, ती या जुळवणीची ओळख करून देते. हिवाळ्यात रात्री घरोघरी जमणाऱ्या बैठकांत या धुना कानावरूनच पुढे जात. तीन तारा बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गोष्ट सांगून होते. मॅकफर्सनच्या धुनेला असली काही गरजच नाही, ती नेहमीच्या जुळवणीत सुखाने वाजते.

गोंधळाचं मूळ मला कळतं. रील हा प्रकार क्वेबेकला स्कॉटिश आणि आयरिश लोकांकडूनच मिळाला. फिडल फ्रेंच अमदानीतच पोचलं होतं, रील मात्र ब्रिटिश सत्ता आल्यावर रुजली. त्यात झाँ कारिन्याँसारखा (१९१६–१९८८) वादक. माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारा हा माणूस तिथल्याच फिडलवादक जोसेफ आलारकडून क्वेबेकच्या धुना शिकला, पण स्कॉटलंडच्या स्किनर आणि आयर्लंडच्या कोलमन या फिडलवादकांच्या रेकॉर्ड ऐकूनही शिकला. त्याच्या वादनात सगळंच शेजारी शेजारी येतं. पण साचा तिकडून आला म्हणून प्रत्येक धून तिकडची ठरत नाही.

लय, भागांची संख्या वगैरे फरक किरकोळ आहेत. पांद्यूचे भाग रीलच्या नेहमीच्या दोनांपेक्षा जास्त असतात, आणि क्वेबेकचा वादक बसल्या जागी दोन्ही पायांनी ठेका धरतो, इतकं पुरे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात चालत नाही: पांद्यू नेहमीच्या जुळवणीत वाजवणं. हल्ली सोय म्हणून बरेच जण तसं करतात, स्वर सगळे बरोबर लागतात, आणि धून मेलेली असते. वरची तार उतरली की तिचा तीक्ष्णपणा जातो, आवाज गोल होतो, आणि न छेडलेल्या तारा मागे घुमत राहतात. तो घुमारा बोटांच्या चलाखीने आणता येत नाही. वाजवायचीच असेल तर आधी ई उतरवा, मग खालच्या दोन तारा अगदी सावकाश चढवा, कारण जुनी तार स्वरभर ताणली की तुटू शकते. तारांखालची घोडी सरळ आहे ना ते पाहा, आणि पुन्हा एकदा तारा मिळवून घ्या. चढवलेल्या तारा पहिली काही मिनिटं उतरत राहतात.